वरचं बिऱ्हाड

१

त्या डोंगरातल्या गावाला आधी चार फेऱ्या मारायच्या आणि मगच बिऱ्हाड हलवायचं, हे त्याच्या बायकोने ठरवलं होतं. ती शाळेत शिकवायची. वीस-बावीस वर्षं अख्ख्या शाळेचं वेळापत्रक तीच लावत आली होती, त्यामुळे कुठलीही गोष्ट चौकटीत बसवल्याशिवाय तिला ती खरी वाटायची नाही. तिने एका कागदावर चार चौकटी आखल्या. पहिली फेरी उन्हाळ्यात, पाणी किती वेळ येतं ते बघायला. दुसरी पावसाळ्यात, छप्पर कुठे गळतं ते बघायला. तिसरी थंडीत, कुठल्या खोलीत किती वाजता ऊन येतं ते बघायला. आणि चौथी कधीही, तिथे कंटाळा येतो का ते बघायला.

"कंटाळ्यासाठी वेगळी फेरी कशाला?" त्याने विचारलं होतं.

"खरंच की. तो तर मी बरोबर घेऊनच फिरते," त्याच्याकडे बघत ती म्हणाली होती.

तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढायचा. एकतीस वर्षं जमिनीखालच्या, कुणाला न दिसणाऱ्या रेघा काढून झाल्यावर आता उरलेले दिवस जमिनीच्या वर, जरा उंचावर काढावेत असं त्याला वाटत होतं. पहिल्याच फेरीत त्यांना घर आवडलं. खाली एकटी मालकीण, वर लाकडी जमिनीच्या दोन खोल्या, आणि पूर्वेला एक मोठी खिडकी. गावात एक उतरता रस्ता, एक बेकरी, एक टपाल कचेरी आणि दर गुरुवारी डॉक्टर येतो असा एक दवाखाना. दुसऱ्या फेरीत छप्पर एकाच जागी, तेही जिन्यावर गळताना दिसलं, तेव्हा बायकोने निकालच लावला. "उरलेल्या दोन फेऱ्या तिथे राहूनच करू." तिने मालकिणीला पत्र टाकलं. यांची नोकरी संपते आहे, त्यानंतरच्या पहिल्या तारखेला आम्ही दोघं सामानासकट येतो, खोल्या झाडून ठेवा.

त्यानंतर तिला बरं वाटेनासं झालं. मोठ्या दवाखान्यात न्यायला उशीर झाला होता. किती उशीर, ते डॉक्टरांनी आपणहून सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. अडीच महिन्यांत सगळं आटोपलं.

त्याने तिच्या नावाच्या सगळ्या गोष्टी एकेक करून बंद केल्या. फोन, वाचनालय, साप्ताहिक, शिंप्याकडे टाकलेलं कापड. प्रत्येक ठिकाणी आपल्या सुबक, नकाशावरच्यासारख्या अक्षरात एक पत्र धाडलं. ते काम इतकं नेटकं झालं की मुलीलाही त्याची धास्ती वाटली.

२

तिसरी फेरी त्याने एकट्याने मारली. थंडीची.

"बाबा, आता कशाला?" मुलगी फोनवर म्हणाली.

"ऊन बघून येतो."

"ऊन?"

"कुठल्या खोलीत किती वाजता येतं ते."

 मुलीचं मूल पलीकडे रडत होतं, त्या निमित्ताने तिने फोन ठेवला.

बस दहाच्या सुमाराला गावात पोहोचली. तोंडातून वाफा निघत होत्या. उतरत्या रस्त्याच्या तोंडाशीच बेकरी होती. तो पुढे जाणार तोच आतून हाक आली.

"साहेब! अहो साहेब, पाव न्या तुमचा. बाई विसरून गेल्या."

बेकरीवाल्याने कागदात गुंडाळलेला पाव पुढे केला. जाड कापलेला. पाव जाडच कापलेला हवा, पातळ तुकडे म्हणजे वर्तमानपत्र खाल्ल्यासारखं वाटतं, असं त्याची बायको म्हणायची.

"कुठल्या बाई?"

"कुठल्या म्हणजे? तुमच्या!" बेकरीवाला मोठ्याने हसला. "एवढ्यात विसरलात? थांबा, त्यांनाच सांगतो."

दोन फेऱ्यांत या माणसाकडून पाव घेतला होता, त्याला चेहरा आठवत असणार, आणि चुकून दुसऱ्याच कुणाची गोष्ट त्याने आपल्या नावावर घातली असणार, असा विचार त्याने केला. तो विचार चांगला होता, त्यात कुठे फट नव्हती. आता फक्त 'माझी बायको गेली' एवढं म्हणायचं होतं. पण समोरचा माणूस इतका मनापासून हसत होता की ते शब्द मध्ये आणायचे कुठून, हेच त्याला कळेना. त्याने पाव घेतला. तो अजून गरम होता.

३

मालकीण अंगणात उन्हाला बसून लोकरीचा गुंता सोडवत होती. सत्तरीची, तुरतुरीत बाई.

"आलात? बाई मघाशीच वर गेल्या. तुम्ही आपले मागून, रमतगमत."

"मी आत्ताच बसमधून उतरलो," तो म्हणाला.

"हो का? मग सकाळी जिन्यात मला आडवे आले ते कोण, तुमचे जुळे भाऊ?"

तिने मान वर न करता थट्टा केली आणि मग डोळे उचलून बघितलं. "काय हो? चेहरा का असा? बसा इथे."

तो पायरीवर बसला. आपला आवाज साधाच लागेल अशी काळजी घेत, त्याने विचारलं, "आम्ही इथे कधी आलो?"

"हे काय विचारणं झालं? पहिल्या तारखेला. बाईंच्या पत्रात होतं तसं. एका दिवसाचा घोळ नाही. टेम्पो दुपारी आला, तुम्ही कपाट वर चढवताना जिन्याच्या तुळईवर डोकं आपटून घेतलंत, मी ओलं फडकं दिलं. बाई हसल्या तर तुम्ही रागावलात."

त्याचा हात कपाळाकडे गेला. तिथे काही नव्हतं.

मग त्याच्या ध्यानात आलं. फोन, वाचनालय, साप्ताहिक, शिंपी. मालकिणीला त्याने कळवलंच नव्हतं. पत्र बायकोने टाकलं होतं, त्यामुळे ते त्याच्या यादीत कधी आलंच नाही. सगळं रद्द झालं होतं, एवढी एक तारीख सोडून. ती पहिली तारीख त्याने शहरातल्या घरात, गॅलरीत खुर्ची टाकून, कशाचाही विचार न करता घालवली होती.

वर काहीतरी जड सरकलं. लाकडावरून लाकूड. पूर्वेकडच्या खिडकीशी येऊन थांबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग तेच पुन्हा घासत, कुरकुरत, परत भिंतीकडे गेलं.

टेबल. पावसाळ्यातल्या फेरीत त्यावरून दोघांची चांगली जुंपली होती. त्याला ते उजेडासाठी खिडकीशी हवं होतं, तिला भिंतीशी. म्हणजे शेवटी तिनेच आपलं खरं केलं, असा एक विचार त्याच्या मनात सहज, जुन्या सवयीने येऊन गेला. 

"कशा आहेत त्या?" त्याने विचारलं.

"कोण, बाई? ठणठणीत! सबंध चढ चढून येतात आणि मलाच विचारतात, दम लागला का म्हणून."

जिना समोर होता. चौदा पायऱ्या, वरती एक दार. त्याने कठड्यावर हात ठेवला. वर गेलो आणि खोल्या रिकाम्या असल्या, तर ती दुसऱ्यांदा जाईल. आणि नसल्या तर? त्या 'तर'च्या पुढे त्याला जाता आलं नाही. पाव त्याने सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला आणि दुपारच्या बसने तो परत निघाला. बस वळणावर आली तेव्हा मागे वळून बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, ते त्याने पाळलं.

४

घरी आल्यावर त्याने शहाण्या माणसासारखा विचार करायला घेतला. कुणीतरी पत्राचा फायदा घेऊन, आपल्या नावावर त्या खोल्यांत राहतंय. पोलिसांत कळवावं. पण कळवायचं काय, की वर राहणारी बाई पाव जाड कापून घेते? दुसरं, मालकीण म्हातारी आहे, तिचा गोंधळ होतोय. मग बेकरीवाला? तिसरं, आपल्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय. हे तिसरं त्याला सगळ्यात बरं वाटलं. पण ते खरं धरायला गेलं की कानात टेबल सरकायचं.

नकाशा काढताना एक नियम असायचा. नळ दिसत नसला तरी दोन टोकांना पाणी येतंय ना, मग मधली रेघ काढायची. त्याने पुष्कळ दिवस ती रेघ काढली नाही. मग एका सकाळी दात घासताना ती आपोआप काढली गेली. पहिल्या तारखेला दोघं तिथे पोहोचली. जायचं ठरलं होतं, तशी गेली. आणि तिथे ती ठणठणीत आहे.

"मी तिकडे राहायला जातोय," त्याने मुलीला सांगितलं. ती मुद्दाम दोन दिवस रजा काढून आली होती.

"एकटे?"

"एकटा कसा. मालकीण आहे खाली. मला वरच्या खोल्या नकोत. खालची एक चालेल."

"अंधारी असेल."

"असू दे. मला काय नकाशे काढायचेत आता?"

"बाबा, तिथे डॉक्टर गुरुवारी येतो. तुम्हीच सांगितलं होतंत."

"मला काय झालंय?"

"आईला तरी काय झालं होतं?"

 तो स्वयंपाकघरात गेला आणि उगाच भांड्यांवर पाणी सोडत उभा राहिला. तिला दोष देण्यासारखं काही नव्हतं. तिला जेवढं माहीत होतं त्यापेक्षा त्याला जास्त माहीत होतं.

भाड्याचं घर त्याने सोडलं. कपाट, पलंग, भांडी मुलीकडे गेली. जावई टेम्पोबरोबर आला होता. तो भला माणूस, जाताना म्हणाला, "बाबा, सहा महिने करून बघा. नाही जमलं तर खोली आहेच तुमची." त्याने मान हलवली. त्याला त्या वरच्या खोल्यांतून काही परत मागायचं नव्हतं. बायकोला भेटायचंही नव्हतं, म्हणजे तसं तो स्वतःला सांगत होता. डोक्यावर तिची पावलं वाजत असतील अशा एका खोलीत बसून राहायचं, एवढंच.

५

उन्हाळा लागला तेव्हा तो दोन पिशव्या घेऊन गावात उतरला.

बेकरीवाल्याने वर बघितलं. "काय देऊ?" त्याने अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं. पुढे अंगणात मालकिणीने उन्हासाठी कपाळावर हात आडवा धरून त्याला न्याहाळलं.

"कोण हवंय?"

"खालची खोली भाड्याने मिळेल का?"

"मिळेल, पण अडगळीची आहे." ती अजून बघतच होती. "वरच्या साहेबांच्या नात्यातले का हो तुम्ही? थोडा तोंडावळा आहे. साहेबांची अंगकाठी भरलेली, म्हणून पटकन कळत नाही."

"लांबचा," तो म्हणाला.

"मग वर जाऊन भेटा की."

"भेटेन. सवडीने."

खोलीला एकच खिडकी होती, तीही अंगणाच्या बाजूला. वरची लाकडी जमीन हेच खोलीचं छत. फळ्यांच्या फटी होत्या, पण त्यांतून काही दिसत नसे, फक्त ऐकू येत असे. पहिल्या दुपारी तो खाटेवर उताणा पडला आणि वर तिची पावलं वाजली. डावा पाय किंचित जास्त टेकवायची ती, लहानपणी पडल्यापासून. स्वयंपाकघर, टेबल, खिडकी, पुन्हा स्वयंपाकघर. चहाचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज. कुणीतरी काहीतरी बोललं आणि ती हसली.

तो आठवडाभर खोलीतून फारसा बाहेर पडलाच नाही. अंघोळही विसरला. गेल्या वर्षात त्याला कुठे बरं वाटलं असेल तर ते त्या खाटेवर.

नवव्या दिवशी मालकीण पाण्याची कळशी ठेवायला आली आणि दारातच टेकली. "वरच्या बाईंचं काहीतरी बिनसलंय. जेवण अगदी कमी झालंय. पोटात उजव्या अंगाला जड वाटतं म्हणतात. ऊन बाधलं असेल, नाही?"

तो उठून बसला.

शहरात ती हेच म्हणाली होती, याच शब्दांत. त्या दिवसापासून ते मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत सहा आठवडे गेले होते. ते सहा आठवडे त्याला तारीखवार पाठ होते. आज त्यातला पहिला दिवस होता. आज, उद्या, परवा, अजून सगळं हातात होतं.

तो चौदा पायऱ्या चढला आणि दार वाजवलं. आत पावलं आली, तिची नव्हे. दार साखळीइतकं उघडलं. फटीत एक हात दिसला. मधल्या बोटाच्या पेरावर लेखणीने पाडलेला घट्टा होता. त्याने आपला हात खिशात घातला.

"कोण पाहिजे?" आतून आवाज आला. टेपवर आपलाच आवाज ऐकताना परका आणि किरटा वाटतो, तसा.

"बाईंना आजच्या आज तपासून घ्या. इथे नको, मोठ्या दवाखान्यात न्या. गुरुवारची वाट बघू नका."

"तुम्ही कोण?"

त्याने तोंड उघडलं. या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते त्या माणसाने आधीच घेतलेलं होतं.

फटीतून आतली भिंत, टेबलाचा कोपरा आणि खुर्चीवर पाठमोरी बसलेली ती दिसत होती. पांढुरकी वेणी. उजवा तळहात बरगडीखाली दाबून धरलेला, जसा पिशवीचा बंद धरावा. दारातलं बोलणं ऐकून ती मान वळवू लागली. गाल दिसला, कानातलं दिसलं.

दार लागलं.

"कोण होतं हो?"

"कोणी नाही. घर चुकलं होतं."

६

त्याने पत्र लिहिलं आणि मालकिणीच्या हाती वर धाडलं. ती दहा मिनिटांत ते परत घेऊन आली. या खेपेला ती दारात टेकली नाही.

"साहेब भयंकर चिडलेत. म्हणाले, कुणीतरी माझ्याच अक्षरात लिहून चेष्टा केलीय. बाईंना दाखवू नका म्हणाले." तिने पत्र खाटेच्या कडेला ठेवलं, त्याच्या हातात दिलं नाही. "असलं काही करत जाऊ नका हो. सुखाने राहतायत बिचारी."

"त्या आजारी आहेत."

"कोण नसतं?" ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती त्याच्या खोलीवरून जाताना आत बघेनाशी झाली. कळशीही थांबली. बेकरीत तो काउंटरसमोर उभा राही आणि बेकरीवाला त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राही. पुढे त्याने बेकरीत जाणं सोडलं. भूक तशीही लागत नव्हती.

एक गुरुवार गेला. दवाखान्यासमोर रांग लागली, पांगली, डॉक्टरची गाडी घाटाने खाली उतरली. वरून कुणी उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, अंगणात ऊन रणरणत असताना, वर खुर्ची सरकली.

"अहो, आज पुन्हा दुखतंय."

"पित्त असेल. जागरण झालं ना काल. गुरुवारी बघू."

खाली खाटेवर त्याने डोळे मिटून घेतले. शहरात तिला म्हटलेलं हे वाक्य त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलीला नाही, डॉक्टरांना नाही. जागरणाचा तो तुकडासुद्धा तसाच्या तसा होता, आणि 'गुरुवारी'च्या जागी त्या वेळी 'सोमवारी' होतं, एवढाच फरक.

कोपऱ्यात केरसुणी होती, लांब दांड्याची. त्याने ती उलटी धरली आणि छतावर ठोकलं. तीनदा. मग पुन्हा तीनदा. फळ्यांतून धूळ त्याच्या तोंडावर पडली.

वरची पावलं थबकली.

"काय वाजतंय हो?"

"लाकूड आहे. उन्हाने तडकतं."

त्याने जोरात ठोकलं. मग तिला हाक मारली. घरात दोघंच असताना मारायचा त्या नावाने, घसा फाटेस्तोवर. बाहेर अंगणात मालकीण लोकर घेऊन बसली होती. तिने मान वळवली नाही. वर मात्र ती चालत आली, नेमकी त्याच्या डोक्यावर, आणि डावा पाय जरा जास्त टेकवून उभी राहिली. एका फळीचं अंतर होतं. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता, जरासा धाप लागलेला.

"खाली कुणी राहतं का हो?" तिने विचारलं.

"नाही गं. ती खोली रिकामीच असते. पड जरा तू, बरं वाटेल."

पावलं दूर गेली. पलंग कुरकुरला.

तो ठोकत राहिला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, दांडा मोडल्यावर मुठीने, खाटेवर खुर्ची चढवून. पहिले एक-दोन दिवस वर कुणीतरी मधूनच बोलायचं थांबे. चार दिवसांत त्यांना त्या आवाजाची सवय झाली.